लाल टाचण्या

मँचेस्टर,
ऑक्टोबर १९९३

प्रिय सुनीती,

तुझं पत्र आलं. बाळाची बातमी वाचली आणि मी तशीच दारातल्या पायपुसण्यावर बसून राहिले. पोस्टमन अजून गेटपाशीच होता, त्याला वाटलं मी पडले. त्याला काय सांगणार? आजी होणार असं सांगून टाकलं. मग त्यानेच मला हात देऊन उठवलं. म्हणजे ही बातमी बाबांच्या आधी आमच्या पोस्टमनला कळली. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण पुढे येईलच.

तुला मराठी वाचायचा कंटाळा, ते मला ठाऊक आहे. रविवारच्या मराठी वर्गात तू बाकाखाली कॉमिक वाचायचीस. पण इंग्रजीत लिहायला घेतलं की मला हॉस्पिटलची अपॉइंटमेंट बदलून मागतेय असं वाटायला लागतं. तेव्हा सावकाश वाच. तुमच्या केनियातल्या लामू बेटावर मोटारगाड्या नाहीत म्हणतेस, मग घाई ती कसली? फोनवर हे सगळं बोलता येत नाही. तुझा फोन आला की बाबा पेपर घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसतात. तिथे दिवा नाही. विचारलं तर म्हणतात, पेपर वाचतोय.

दोन वर्षांपूर्वी तू निकाह झाल्याचं कळवलंस, तेव्हा ते एवढंच म्हणाले की तुझं तू ठरवलंस, आणि फोन माझ्या हातात दिला. त्यानंतर ते तुझ्याशी बोललेले नाहीत. वाईट मलाही वाटलं, ते लपवत नाही. तुझ्या लग्नात नेसायची म्हणून पुण्याहून आणून ठेवलेली पैठणी मी कपाटातून काढली, मांडीवर घेतली आणि पोटभर रडले. अथमानचा मला राग नव्हता, त्याला मी पाहिलंही नव्हतं. लेकीचं लग्न झालं आणि मी तिथे नव्हते, हे सोसवेना. पण माझं रडून झालं. बाबा रडलेच नाहीत, म्हणून त्यांचं संपेना.

आता त्यांची गंमत ऐक. तू जाताना तुझी पुस्तकं खोलीतच ठेवून गेलीस ना, आफ्रिकेत इस्लाम कसा पसरला त्याच्यावरची? निवृत्त झाल्यावर गेल्या हिवाळ्यात बाबांनी ती एकेक खाली आणली. मला वाटलं फेकून देतायत. पण त्यांनी जेवणाच्या खोलीत भिंतीवर आफ्रिकेचा हा एवढा नकाशा लावला. त्यांचा खाक्या तुला माहीत आहे. छातीचे डॉक्टर. एकाला क्षय झाला की तो कुणाकडून आला, त्याच्या घरात कोण, कामावर शेजारी कोण, असं शोधत जायचं आणि नकाशावर टाचण्या लावायच्या. जन्मभर तेच केलं. तसंच इथेही शोधणार होते. माझी मुलगी अशी आपणहून जाणार नाही, कुठेतरी कुणीतरी जबरदस्ती केलीच असणार, आणि ती जबरदस्ती बाबा पार मुळापासून शोधून काढणार. जिथे धर्म तलवारीने गेला, तिथे लाल टाचण्या असं ठरलं. लाल कमी पडतील म्हणून दोन डब्या आणल्या. मी म्हटलं, अहो, धर्म काय खोकल्यातून पसरतो? तर म्हणाले, तू मध्ये बोलू नकोस. तुला हे वाचून राग येईल. ये, पण पुढचं वाच.

इजिप्तमध्ये आणि वर उत्तरेच्या किनाऱ्याला लाल टाचण्या भराभर लागल्या, कारण तिथे खरोखरच फौजा गेल्या होत्या. बाबा खूश. मग सहाराचं वाळवंट आलं आणि गाडी अडली. तिथे फौजा नव्हत्या, उंट होते. मिठाच्या लाद्या घेऊन खाली जायचे आणि सोनं घेऊन वर यायचे. व्यापाऱ्यांसाठी निळ्या टाचण्या आणाव्या लागल्या. एका राज्यात तर म्हणे दोन गावं होती, एक राजाचं आणि थोड्या अंतरावर या व्यापाऱ्यांचं, त्यांच्या मशिदींसकट. राजा आपल्या देवांना भजायचा आणि हिशेब ठेवायला त्यांची लिहिती-वाचती माणसं बोलवायचा. असं पिढ्यानपिढ्या चाललं. हे वाचून बाबा बराच वेळ खिडकीतून शेजारच्या मिसेस हॅरिसनच्या घराकडे बघत होते.

एका राजाची गोष्ट तर त्यांनी मला पोळ्या लाटताना येऊन वाचून दाखवली. दुष्काळ पडला होता, देवांपुढे बैल कापून कापून संपले, पाऊस येईना. राजाकडे उतरलेल्या मुसलमान पाहुण्याने त्याला थोडी प्रार्थना शिकवली, दोघांनी रात्रभर ती म्हटली आणि पहाटे आभाळ भरून आलं. राजा मुसलमान झाला, प्रजा मात्र आपल्या जुन्या देवांना धरून राहिली. ही टाचणी कुठल्या रंगाची, यावर बाबा अडले. मी सुचवलं, सोडून द्या. पण सोडतील तर ते बाबा कसले.

लाल पुढेही लागल्या. पश्चिमेला पुष्कळ नंतर मौलवींनीच लढाया केल्या, आणि गुलामांच्या व्यापाराची पानं वाचली त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. पण एक डबी न उघडताच राहिली. तुझा किनारा सगळ्यात शेवटी आला. मुद्दाम मागे ठेवला होता, हे मला कळत होतं. गलबतं एका वाऱ्याने यायची आणि परतीचा वारा सुटेपर्यंत महिनोन्‌महिने मुक्काम पडायचा. त्यात कुणाचं लग्न व्हायचं, मुलं व्हायची, ती मुलं आईची भाषा बोलायची. वाचता वाचता ते थांबले. आम्हीसुद्धा दोन वर्षांसाठीच आलो होतो, बाबांची डॉक्टरकीची परीक्षा झाली की परत, असं मी माझ्या आईला सांगून निघाले होते. तीस वर्षं होत आली.

इथे मंडळाच्या हळदीकुंकवाला सुहासिनीमावशीने सगळ्यांसमोर विचारलं, सुनीतीचं काय चाललंय. मी सांगितलं, लामूला शाळेत शिकवते, नवराही तिथेच शिकवतो, आणि ती आई होणार आहे. दोघी-तिघींनी कपातल्या चहाकडे पाहिलं. सुहासिनीने मात्र माझ्या ओटीत नारळ घातला आणि कानात विचारलं, पहिलं बाळंतपण, माहेरीच ना?

तेच तर मला आतून खातंय, बाळा. पहिलं बाळंतपण आईकडे. तू झालीस तेव्हा मी या थंड घरात एकटी होते. माझी आई तिकडे रोज देवळात जात होती, आणि मी इथे तिच्या हातच्या अळिवाच्या लाडवासाठी रडत होते. तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या मुलीला असं होऊ द्यायचं नाही. तुला न्हाऊ घालायचंय, बाळाला शेक द्यायचाय, तुझ्या पाठीला तेल चोळायचंय. तुझ्या खोलीत जाऊन मी उगाच पडदे सरकवते आणि परत येते. पण ज्या घरात तुझ्या नवऱ्याचं नाव काढत नाहीत, तिथे तुला ये म्हणू कोणत्या तोंडाने? म्हणून पत्र अडलं होतं.

परवा जेवताना बाबांनी मान वर न करता सांगितलं की तुमच्या लामूत घर मुलीच्या नावाचं असतं, बाप ते मुलीला देतो आणि जावई तिच्या घरी राहायला येतो. ते बाहेरून आलेले व्यापारीसुद्धा असेच घरजावई झाले. मी म्हटलं, बरं. आमटी वाढली. मग ते म्हणाले, "जावई बायकोच्या घरी राहतो, ही त्यांचीच रीत. मग आपल्या घराला काय झालंय, अनू? त्या दोघांना बोलव." मी पळी खाली ठेवली. त्यांचं जेवण तसंच राहिलं, माझंही. काल त्यांनी तुझ्या खोलीतली लहान कॉट काढली, दाराची रुंदी मोजली आणि मोठा पलंग सांगून आले. आता फार थांबू नका, उशीर झाला तर तुला विमानात बसू देणार नाहीत. आणि गादी अजून घ्यायची आहे, म्हणून हे पत्र आजच्या आज टाकायचंय. अथमानला मऊ लागते की कडक, ते विचारून कळव. हे मी नाही विचारत, बाबांनी विचारायला सांगितलंय.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई