कासव दक्षिणेलाच राहील

मी, निर्मला माधवराव उदगीरकर, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार मलकपेठ, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. रक्तदाब आहे, उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. पण कोण कधी काय बोलले ते मला तारखेसकट आठवते, आणि घरातल्या काही मंडळींची अडचण नेमकी तीच आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. काही गोष्टी न करण्यासाठी मात्र आणून पाहिला होता, त्याचा उल्लेख पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझा मुलगा आशिष मराठी वाचायचा कंटाळा करतो. म्हणून मुलगी हर्षदा हिने त्याला हे मोठ्याने वाचून दाखवावे. मधली वाक्ये गाळू नयेत.

कलम १. माझे यजमान माधवराव पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली. ते नोव्हेंबर २०१६ मध्ये हृदयविकाराने वारले. आशिष गच्चीबावलीला फ्लॅटमध्ये राहतो, हर्षदा दिलसुखनगरला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. धाकटे दीर हणमंतराव नोंदणी खात्यातून निवृत्त झाले आहेत. याशिवाय माझ्यावर अवलंबून असलेला आणखी एक जीव आहे, तो म्हणजे वरच्या मजल्यावरील गॅलरीतले कासव. त्याचे नाव तहसीलदार. कोणी समोर येऊन उभे राहिले तर मान वर करून पाहायचे आणि पुन्हा उन्हात डोळे मिटायचे, ही त्याची सवय बघून माधवरावांनी ते ठेवले. पुढे डॉक्टरांनी ती मादी असल्याचे सांगितले. नाव बदलले नाही, हुद्दा तोच राहिला.

कासवाच्या नावाने घर करता येत नाही, असे विजय वकिलांनी मला दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना ते हसले. म्हणून पुढची सगळी व्यवस्था माणसांच्या मार्फत करावी लागत आहे.

कलम २. माझे दागिने, साड्या आणि बँकेतील ठेव हर्षदाला द्यावी. शाळेतून निरोपाच्या वेळी मिळालेले होकायंत्र आशिषला द्यावे. त्याने ते वापरावे अशी इच्छा आहे.

कलम ३. हे कासव घरात कसे आले ते लिहिणे जरूर आहे, कारण पुढचे सगळे भांडण त्यातून निघाले.

२०१२ साली आशिषला नोकरी लागत नव्हती. हणमंतरावांनी एक वास्तुतज्ज्ञ आणला आणि स्वतःच्या खर्चाने एक पितळी कासवही आणले. उत्तरेच्या खोलीत, पाण्याच्या ताटलीत, तोंड आत करून ठेवायचे. दोन महिन्यांत काही घडले नाही तेव्हा तज्ज्ञ म्हणाले की पितळेपेक्षा जिवंत कासवाचा गुण लवकर येतो. माधवरावांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण धाकट्या भावाचे मन मोडणे त्यांना आयुष्यात कधी जमले नाही. आम्ही दोघे जुन्या शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने आधी आतून पाठीवर चांदण्या असलेले एक सुंदर कासव काढून दाखवले. ते पाळणे गुन्हा आहे हे मला ठाऊक होते, तसे मी त्याला तोंडावर सांगितले. मग त्याने कानामागे लाल पट्टा असलेली रुपयाएवढी पिल्ले दाखवली.

"अम्मा, ये बड़ा नहीं होता. इत्ताच रहता," तो म्हणाला.

आम्ही शिकलेली माणसे, आणि आम्ही ते खरे मानले. सोबत त्याने एक काचेचा वाडगा दिला, त्यात प्लास्टिकचे नारळाचे झाड. आम्ही तो वाडगा उत्तरेच्या खोलीत ठेवला आणि पिल्लाला मुरमुरे घातले. चार महिन्यांत त्याचे डोळे सुजले आणि पाठ सादळलेल्या पापडासारखी मऊ पडली. ही चूक आम्हा दोघांची होती, ती मी इथे कबूल करते.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर वयाने हर्षदापेक्षा लहान होती. तिने पिल्लू तळहातावर घेतले आणि आम्हाला झापले. "अंकल, इसको धूप होना. सीधी धूप. काँच के पीछे की नहीं चलती." आमच्या उत्तरेच्या खोलीत वर्षातून मोजके दिवस सकाळी ऊन शिरते. मी छत्तीस वर्षे भूगोल शिकवला. हैदराबाद उत्तर अक्षांश सतरावर आहे आणि थंडीत सूर्य आकाशाच्या दक्षिण बाजूनेच जातो, हे मी सातवीच्या मुलींकडून पाठ करून घेत होते. तरी स्वतःच्या घरात ते मला चार महिने सुचले नाही. याची मला आजही लाज वाटते.

संक्रांतीच्या दिवशी पिल्लाला मोठ्या टबात घालून दक्षिणेच्या गॅलरीत ठेवले. एका बाजूला विटांचा उतार केला, वर कोरडी जागा. दीड महिन्यात पाठ टणक झाली. आज ती पाठ अठ्ठावीस सेंटिमीटर आहे, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी.

कलम ४. माधवराव गेले त्याच्या दहाव्या दिवशी, पंचवीस माणसे बसलेली असताना, हणमंतराव मला म्हणाले, "वहिनी, यमाच्या दिशेला कासव नेऊन ठेवलंत. दादा गेले. आता झालं का समाधान?"

आशिष समोरच होता. मी पाण्याचा पेला हातात घेऊन बसले होते, तो तसाच धरून ठेवला. संध्याकाळी आशिषने टब उचलला आणि उत्तरेच्या खोलीत नेऊन ठेवला. मला न विचारता, माझ्याकडे न पाहता. हणमंतरावांच्या बोलण्यापेक्षा मला ते जास्त लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरची गीता वाघमारे हिला हाक मारली आणि आम्ही दोघींनी टब पुन्हा गॅलरीत आणला. पाणी हिंदकळून दोघींच्या साड्या भिजल्या. गीता म्हणाली, "काकू, पुन्हा नेला तर पुन्हा आणू. माझी ड्यूटी दोनची आहे."

तो पुन्हा कोणी नेऊ नये म्हणून महिन्याभरात मी तिथे सिमेंटची टाकी बांधून घेतली. टब उचलता येतो, टाकी उचलता येत नाही. तेव्हापासून हणमंतराव माझ्या घरी सणावाराला येतात, चहा घेतात, पण दक्षिणेच्या गॅलरीत पाऊल ठेवत नाहीत. आज त्यांना तिथे जावे लागणार आहे.

कलम ५. गीता सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. ती २०१४ मध्ये भाड्याने राहायला आली तेव्हा हणमंतरावांनी तिचे आडनाव विचारले होते. मी आडनाव सांगितले आणि किल्ली तिच्या हातात आधीच दिली असल्याचेही सांगितले. पिल्लांना वाढीच्या वयात मासळी लागते. ती आमच्या ओट्यावर चिरायची कशी, या विचारात मी होते, तेव्हा गीता म्हणाली, "काकू, मासळी माझ्या ओट्यावर राहू द्या." चार वर्षे मासळीचे तुकडे खालून वर आले. माझ्यानंतर कासवाचा ताबा गीताकडे राहील. तहसीलदार जिवंत आहे तोवर गीताला खालचा मजला सोडायला सांगता येणार नाही. अशी कासवे नीट ठेवली तर तीस वर्षे सहज जगतात. मी नीट ठेवले आहे.

देखभाल अशी. पाणी कासवाच्या पाठीच्या दुप्पट तरी खोल असावे, पण बाहेर चढून यायला उतार आणि पूर्ण कोरडे होऊन बसायला जागा हवीच. दिवसातून चार-पाच तास ऊन, आणि तापले तर सावलीत जाता यावे. घारी आणि मांजरांसाठी वर जाळी. आता मोठे झाल्यावर पालेभाजी आणि पाण्यातली वनस्पती जास्त, दाणे कमी. भात नाही, पोळी नाही, मुरमुरे नाहीत. पाणी घाण दिसायच्या आत बदलावे. हात लावल्यावर साबणाने धुवावेत. पाठीवर हळदकुंकू वाहू नये, टाकीत नाणी टाकू नयेत; कोणी टाकलीच तर त्याच्याकडूनच वेचून घ्यावीत.

आशिष एकदा म्हणाला होता, "मम्मी, टर्टलचं एवढं काय टेन्शन? लेक में छोड़ देंगे." सोडायचे नाही. ते इथल्या तळ्यातले नाही. तिथे एक तर ते मरेल, नाही तर तिथल्या कासवांच्या तोंडचे खाईल. नको झालेले घराबाहेर नेऊन ठेवणे याला सोडणे म्हणत नाहीत.

हर्षदाला मागच्या वर्षी मुलीसाठी असेच छोटेसे कासव घ्यायचे होते. घेऊ नये. छोटे कासव म्हणजे मोठ्या कासवाचे पहिले वर्ष. त्यातूनही घ्यायचेच झाले तर आधी टाकी बांधावी, मग आणावे. आम्ही उलटे केले. डोळे उघडे आणि स्वच्छ, पाठ टणक, पाण्यात एका बाजूला कलत नाही आणि उचलल्यावर पाय मारून निषेध करते असे बघून घ्यावे. जे गप्प पडून राहते ते शांत स्वभावाचे नसते, आजारी असते. हे माणसांच्या बाबतीतही माझ्या उशिरा ध्यानात आले.

कलम ६. मलकपेठेतील हे घर आम्हा दोघांच्या पगारातून बांधले आणि ते माझ्या नावावर आहे. खालचा मजला, गीताच्या हक्काला धक्का न लावता, हर्षदाला. गॅलरीसह वरचा मजला आशिषला, पुढील अटीवर. गॅलरीला काचा लावायच्या नाहीत, टाकी पाडायची नाही आणि टाकीमागच्या भिंतीला रंग द्यायचा नाही. यातली एक जरी अट मोडली तर वरचा मजलाही हर्षदाचा होईल.

भिंतीचे कारण आता सांगते. गेल्या दिवाळीत आशिषने काचवाला आणि रंगारी दोघांना आणून मापे घेतली. मी त्यांना जिन्यातूनच परत पाठवले आणि त्या रात्री ठरवले की आता लिहून ठेवायचे.

टब दक्षिणेला मी नेला नाही. माधवरावांनी नेला.

डॉक्टरकडून आल्यावर मी दोन दिवस घाबरत होते. हणमंतराव काय म्हणतील, आशिषच्या नोकरीचे काय होईल, असे मीच म्हणत होते. भूगोलाची शिक्षिका असून म्हणत होते. संक्रांतीच्या सकाळी मी तीळ भाजत असताना त्यांनी एकट्याने टब नेला आणि मला येऊन म्हणाले, "हणमंताला इतक्यात सांगू नकोस. त्याला वाईट वाटेल." मी सांगितले नाही. सगळ्यांनी धरून चालले की हट्ट माझा.

दहाव्या दिवशी मी तोंड उघडले असते तर काय झाले असते? माझ्यावरचा आरोप उठून त्यांच्यावर गेला असता. त्यांनी स्वतःच्या हाताने मरण ओढवून घेतले, असे त्याच पंचवीस माणसांनी म्हटले असते, आणि त्यांना उत्तर द्यायला ते नव्हते. मी होते. मला बोलणी खाऊन पचवता येतात. म्हणून नऊ वर्षे मी ते माझ्या नावावर ठेवले. ते मला जड गेले. आशिषने मला एकदा तरी विचारावे, असे नऊ वर्षे वाटत होते.

मी कोणाला मारले नाही. त्यांनीही स्वतःला मारले नाही. त्यांचे हृदय आजारी होते आणि कासवाला ऊन हवे होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मी पूर्ण शुद्धीत लिहिते.

पुरावा भिंतीवर आहे. टाकीमागे, जमिनीपासून दोन फुटांवर, पेन्सिलीने लिहिलेला, वर मी प्लास्टिकचा कागद लावला आहे. पहिली ओळ अशी: "१४ जाने. २०१३. टब मी आज इथे आणला. ऊन ९ ते २. पाठ ४ सें.मी., मऊ. मा. वि. उ." नकाशाखाली सही करायची सवय भिंतीवरही सुटली नाही. त्याखाली दर महिन्याचे माप आहे, शेवटचे माप ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यातले. त्यापुढची मापे माझ्या अक्षरात आहेत. आशिषला वाटत होते की तो गवंड्याचा हिशेब आहे.

कलम ७. हणमंतरावांनी नोंदणी खात्यात चौतीस वर्षे लोकांची अक्षरे आणि सह्या पडताळल्या. म्हणून साक्षीदार म्हणून मी मुद्दाम त्यांनाच बोलावले आहे. सही करण्यापूर्वी त्यांनी हे सर्व वाचावे आणि गॅलरीत जाऊन भिंत पाहावी. गुडघे दुखतात म्हणून तिथे स्टूल ठेवले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असे वकील म्हणतात. म्हणून त्यांचे पितळी कासव मी आजच, जिवंतपणी, त्यांच्या हाती परत देत आहे. त्याला ऊन लागत नाही, खाणे लागत नाही, ते वाढतही नाही. त्यांनी ते खुशाल उत्तरेला ठेवावे.

माझे दिवस घातले तर त्या वेळीही टाकीचे पाणी बदलावे. एवढेच.

स्थळ: मलकपेठ, हैदराबाद
दिनांक: ९ डिसेंबर २०२५

(सही) निर्मला माधवराव उदगीरकर

वरील सही बाईंनी आमच्या समोर केली व आम्ही त्यांच्या समोर केली.

साक्षीदार १: (सही) विजय श्रीनिवास कंधारकर, वकील, आबिड्स

साक्षीदार २: (सही) हणमंतराव विठ्ठलराव उदगीरकर, निवृत्त, नोंदणी खाते
पितळी कासव मिळाले. कलम ४ व ५ मधील माझ्याविषयीचा मजकूर मान्य नाही. गॅलरीत स्टुलावर बसून भिंत वाचली. अक्षर दादांचे आहे. भिंतीला रंग देऊ नये.