मस्कतचं चूर्ण

खडकी बाजार, पुणे
११ फेब्रुवारी २०१९

प्रिय नियाज,

अस्सलाम आलैकुम. शमशुद्दीनचाचा उद्या मस्कतला परतताहेत, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. माझा फोन तू उचलत नाहीस. चाचा दारात उभे राहिले तर दार तरी उघडशील.

इकडे थंडी ओसरली. रस्ता पुन्हा खणून ठेवलाय. अब्बांचा दवाखाना सध्या बंद आहे. अब्बांचं नंतर लिहिते.

तुला गणित शिकवणाऱ्या मंदाकिनीकाकू आठवतात ना? तू पाठवलेलं मधुमेहाचं चूर्ण अब्बांनी त्यांना दिलं होतं. साखर भराभर उतरली. अब्बा किती खूश! अरब हकिमांची विद्या मुलाच्या हातून घरी आली, असं येईल त्याला सांगायचे. मला मात्र तो वेग खटकला. मेथी-कलौंजी इतक्या झपाट्यानं काम करत नाही. मी तसं बोलले, तर अब्बा म्हणाले, "युनानीची डिग्री मिळाली म्हणून भावावर शंका घेतेस?"

दहा दिवसांपूर्वी, शुक्रवारी काकू स्वयंपाकघरात कोसळल्या. त्यांना इस्पितळात भरती करून त्यांचा मुलगा अनंत चूर्णाचं पाकीट घेऊन आपल्याकडे आला.

"हकीमसाहेब, डॉक्टर विचारताहेत, यात काय आहे?"

अब्बांनी वास घेतला. "मेथी, कलौंजी, लोबान. माझ्या मुलानं पाठवलंय."

"तुम्ही स्वतः घ्याल?"

अनंत ओरडला नाही, हळूच बोलला. तेच अब्बांना लागलं. त्यांनी दोन चमचे तोंडात टाकले आणि वर पाणी प्यायले. मी हात धरेपर्यंत उशीर झाला होता. त्यांना साखरेचा त्रास नाही, आणि सकाळपासून पोटात नुसता चहा.

आधी सदरा घामानं भिजला. मग मला "बेगम" म्हणून हाक मारली, अम्मीला मारायचे तशी. मी साखरेचं पाणी पाजू लागले, तर दातखीळ बसली. अनंतनंच त्यांना उचलून रिक्षात घातलं.

सलाईन चालू असतानाही साखर पुन्हा पुन्हा खाली जात होती. डॉक्टर म्हणाले, चूर्णात मधुमेहाच्या गोळ्या कुटून घातलेल्या दिसतात.

त्या संध्याकाळी तुला फोन केला, तेव्हा अब्बांचं सांगितलं नाही. इतकंच विचारलं, चूर्णात काय आहे? तू म्हणालास, "गुण येतोय ना? इथे सगळे हेच विकतात." आणि फोन ठेवलास.

काकू घरी आल्या. अब्बा शुद्धीवर आहेत, पण नावं आठवत नाहीत. परवा औषध खात्याचे इन्स्पेक्टर आले, तेव्हा जड जिभेनं म्हणाले, "चूर्ण मी बनवलं. मुलाचा संबंध नाही." एवढं सलग ते पहिल्यांदाच बोलले.

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही. माझ्या भावानं पाठवलंय." तुझं नाव दिलं, तुझ्या मस्कतच्या दुकानाचा पत्ता दिला, सही केली.

तेव्हापासून अब्बा माझ्या हातचं खात नाहीत. काकू पेज पाठवतात, ती अनंत भरवतो. मी दाराबाहेर उभी असते.

नियाज, ही पाकिटं आणखी कुणाकुणाला पाठवलीस? चाचांना सांग, ते तिथूनच मला कळवतील. लाजू नकोस, घाबरू नकोस, आधी सांग. कुणीतरी आत्ता चमचा भरत असेल.

मग ये. अब्बा वाट बघताहेत. मी बघत नाही, असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल.

तुझं नाव देणारी, तरीही तुझीच आपा,
आबेदा