डाव्या दांड्याचा खांदा

प्रिय देओलिंदाताई,

हे पत्र तुला पाववाली सिडालिया आणून देईल. तिला काही विचारत बसू नकोस, आधी वाच, आणि आई शेजारी असेल तर परसात जाऊन वाच. मी फ्रान्समध्ये नाही. तुझ्यापासून दोन डोंगर पलीकडे, नदीकाठी, एका तंबूत आहे. 'यंदा साहेबांनी रजा दिली नाही' असं मी तुला फोनवर सांगितलं, तेव्हाही इथेच होतो. तू विचारलंस, 'ह्या घंटा कसल्या रे वाजतायत?' मी म्हणालो, टीव्ही चालू आहे. बकऱ्या होत्या त्या. साहेब नाही आणि रजेचा प्रश्नही नाही. हिवाळ्यात आमचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून मला रोजच सुट्टी आहे. फोनवर माझी जीभ आपोआप खोटं बोलते, म्हणून कागद घेतला.

एक सांगितलं तसं दुसरंही सांगतो. दर ऑगस्टला आपल्या दारात उभी राहायची ती काळी गाडी माझी नव्हती. भाड्याची होती. सीमा ओलांडण्याआधी मी पेट्रोल पंपावर थांबून काचेवरचा भाड्याच्या कंपनीचा कागद नखाने खरवडून काढायचो. तू ती गाडी बादलीभर पाणी घेऊन पुसायचीस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचीस, 'आमच्या अबीलियोची आहे, धूळ बसलेली त्याला खपत नाही.' मी शेजारी उभा राहून हसायचो. तुझ्या हातातला तो ओला फडका आठवला की आता मान वर होत नाही. सगळेच फ्रान्सवाले असं करतात, असं मी मनाला समजावत आलो. करतही असतील, पण त्यांच्या बहिणी गाड्या पुसतात का ते मला ठाऊक नाही.

यंदा गाडी भाड्याने घेण्याची ऐपत नव्हती. कारखान्यातल्या एका दोस्ताने त्याची जुनी मोटरसायकल मला दिली, तिच्यावर तंबू बांधला आणि गावच्या मातेच्या उत्सवासाठी निघालो. शपथेवर सांगतो, निघताना सरळ घरीच यायचं ठरवलं होतं. पण खिंडीत पोचलो, खाली आपला चौक दिसला, त्यात ओळीने उभ्या असलेल्या चकचकीत गाड्या दिसल्या, आणि माझी ही धुळीने माखलेली, दोरखंडांनी बांधलेली फटफटी घेऊन तिथे उतरण्याचं धाडस होईना. उतरलो असतो तर कॉफीच्या दुकानातून पहिली हाक आली असती, 'काय रे फ्रान्सवाल्या, गाडी गहाण टाकलीस काय?' मी आल्या वाटेने वळलो आणि नदीकडे उतरलो.

आता लपवायचंच नाही म्हटल्यावर हेही सांगतो की वाटेत मला मजा आली. स्पेनच्या माळावर वारा असा होता की दिवसभर गाडी एका अंगावर कलती धरून चालवावी लागली. एका गावाबाहेर चेन तुटली, ती जोडेपर्यंत हात कोपरापर्यंत काळे झाले. पावसात तंबू गळला आणि मी पहाटेपर्यंत बूट उशाशी घेऊन बसून राहिलो. पण सीमा ओलांडून आपल्या बाजूला आलो, वाटेवरचे उन्हाने तापलेले अंजीर तोडून खाल्ले, एका चेस्टनटच्या झाडाखाली पथारी पसरली, आणि कित्येक महिन्यांनी गाढ झोपलो. कुणाला काही दाखवायचं नव्हतं ना. घरातले सगळे उत्सवाच्या तयारीत मरत असताना मी तिथे घोरत होतो, हे आठवलं की त्या झोपेचीही लाज वाटते.

इथे नदीकाठी ओरासियो नावाचा एक म्हातारा बकऱ्या चारतो. पहिल्याच सकाळी त्याच्या बकरीने तंबूची दोरी खाल्ली आणि तंबू माझ्या अंगावर कोसळला. मी आतून धडपडत बाहेर आलो तर हा काठीवर हनुवटी टेकून मजेत बघत उभा. म्हणाला, 'काय पाहुणे, जर्मन का?' त्याचं चुकलं नाही. घरी पलंग असताना आपल्याकडचं कुणी जमिनीवर झोपत नाही, ते फक्त परदेशी लोकांना सुचतं. आणि मी काय केलं? आपल्याच पोर्तुगीजमध्ये, पण मुद्दाम मोडकंतोडकं, अडखळत, म्हणालो, 'फ्रान्स.' मग तो बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडून बोलू लागला. 'फ्रान्स! छान! आमचे निम्मे लोक तिकडेच. ऑगस्टात येतात, गाड्या मिरवतात, आईच्या हातचं सूप ओरपतात आणि पळतात.' मग स्टोव्ह पेटवला तर डोंगर कसा पेटेल हे त्याने मला हातवारे करून दाखवलं, आणि मी, ज्याने लहानपणी बाबांबरोबर ह्याच डोंगरावर वणवे विझवलेत, बावळटासारखी मान डोलावली. माझी सोय व्हावी म्हणून तो रोज चीज आणि सॉसेज आणून देऊ लागला. परका बनून राहणं किती सोपं असतं, हे मला त्या दिवसांत कळलं.

उत्सवाच्या दिवशी मात्र राहवेना. लांबून बघून येऊ म्हणून आलो. गाडी पाणवठ्यामागे लावली आणि हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून चर्चच्या भिंतीशी उभा राहिलो. म्हटलं, बाबांनंतर पालखीच्या पुढच्या डाव्या दांड्याला आपल्या घराचा खांदा मी देतो, यंदा तिथे कोण आहे ते बघावं. कुणी शेजारीपाजारी असेल असं वाटलं होतं. तिथे तू होतीस. बाकीचे सगळे पुरुष तुझ्याहून उंच, त्यामुळे मातेची पालखी आपल्या बाजूला थोडी कललेली. खांद्यावर घडी केलेला टॉवेल, दुखरी कंबर सांभाळत टाकलेली पावलं, नजर जमिनीवर. ताई, जागा दुसऱ्याला देऊ का, असं त्यांनी तुला विचारलंच असणार, आणि आमचं घर रिकामं पडलेलं नाही असं तू सांगितलं असणार. मी तुला ओळखतो.

पालखी जवळ आली तशी सगळ्यांनी डोकी उघडी केली. टोप्या निघाल्या, पोरांनीही काढल्या. मी एकटाच हेल्मेट घालून उभा. काढलं असतं तर सगळ्या गावाने ओळखलं असतं. तेवढ्यात गुडघ्यावर काठी बसली. भिंतीशी खुर्ची टाकून आई बसली होती, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, आणि मला दिसलीच नव्हती. म्हणाली, 'ए, डोकं उघडं कर की. माता चाललीय समोरून. तुझ्या आईनं काही शिकवलं नाही का तुला?'

ताई, मी तिला फ्रेंचमध्ये म्हणालो, 'माफ करा, बाई.'

तिचा चेहरा एकदम निवळला. 'परका आहे होय,' ती शेजारणीला म्हणाली, 'जाऊ दे गं, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.' आणि मांडीवरचा रुमाल सोडून तिने बडीशेपेचा एक केक माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, 'खा बाबा. कुणाचा तरी लेक असशीलच की.' पालखी माझ्यासमोरून गेली, तू माझ्यासमोरून गेलीस, आणि माझं डोकं झाकलेलंच होतं. तो केक मी नदीवर येऊन खाल्ला. तळहातावरचा चुराही सोडला नाही.

मी रविवारी येतोय. चर्चमधली मिसेची प्रार्थना सुटून सगळे बाहेर पडतील तेव्हा, चौकातून, ह्याच मोटरसायकलवरून. गाव हसेल ते हसू दे. मला भीती एकाच गोष्टीची आहे. दारात मला बघून आई आधी आनंदाने रडेल, मला जवळ घेईल, आणि मग हे सांगायला माझं तोंड उघडणार नाही. मी तो आनंद गपचूप खिशात घालीन, मी मला चांगला ओळखतो. म्हणून हे पत्र. मी यायच्या आधी तू तिला सांग की भिंतीशी उभा होता तो परका नव्हता. ऐकून ती दार उघडेल की नाही, हे तिचं तिला ठरवू दे.

तुझाच,
अबीलियो