पाचव्या बटणाच्या टिकल्या

आखाडा बाळापूर,
१४ जून

प्रिय प्रतिक्षा,

फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं उत्तर तयार असतं, म्हणून पत्र लिहिते आहे. यात तुला मधे बोलता येणार नाही. इकडं सगळं ठीक आहे. सुमनबाईच्या कोंबड्या अजून आपल्याच अंगणात अंडी घालतात. मी परत नेऊन देते, सगळी नाही.

आता आपल्या भांडणाचं. तुला पप्पांचं व्हॉल्व्हचं अ‍ॅम्प्लिफायर पुण्याला न्यायचं आहे आणि त्यात डिजिटल बोर्ड बसवायचा आहे. पायानं एक कळ दाबली की पाचही बटणं आपोआप ठरल्या जागी जातील आणि बोर्ड त्या जागा कधी विसरणार नाही. सगळ्यात आधी तुला त्यात पप्पांनी लावलेल्या जागा साठवायच्या आहेत, म्हणजे तुझ्या गिटारला त्यांनी जमवलेला आवाज कायम राहील. मी दोन महिने नाही म्हणते आहे. माझं म्हणणं एवढंच होतं की व्हॉल्व्ह गेला तर त्याच्या काचेच्या नळीकडं बघून कळतं, उपटून दुसरा बसवता येतो. बोर्ड गेला तर तो तोंडातून शब्द काढत नाही. दहा वर्षांनी तसलाच बोर्ड मिळाला नाही, तर चांगलं मशीन अडगळीत जायचं.

तुझं म्हणणं, आई, आवाज व्हॉल्व्हमधूनच जाणार, फक्त बटण फिरवणारा हात डिजिटल. मला ते पटेना, म्हणून पप्पांच्या दुरुस्तीच्या दुकानातली त्यांची पुस्तकं काढली. पहिल्या वाचनात निम्मं कळलं, दुसऱ्यात उरलेल्यातलं निम्मं. तेवढ्यावरून सांगते, तुझं बरोबर आहे. आवाजाची वाट वेगळी ठेवता येते आणि हुकूम देणाऱ्याची वेगळी.

ते मशीन पप्पांनी भीमगीतांच्या पार्टीसाठी बांधलं होतं. आठवीत तू गिटार धरलीस आणि ते तुझं झालं. चालू केल्यावर पप्पा तुला लगेच वाजवू देत नसत. चहाला उकळी येईपर्यंत व्हॉल्व्ह तापू द्यायचे. तू पाय आपटायचीस, आणि ते मला हळूच म्हणायचे, चहात पाणी जरा जास्त घाल. आवाज मनासारखा जमला की माझ्या पाकिटातल्या टिकल्या काढून पत्र्यावर चिकटवायचे, प्रत्येक बटणाची रेघ जिथं असेल तिथं. गाण्यामागं साथ करायची तेव्हाच्या लाल, तू एकटीनं वाजवायचं तेव्हाच्या हिरव्या. मी महिनाभर उरलेल्या पिवळ्या लावून फिरले. ते गेल्यावर दोघी-तिघी म्हणाल्या, आता टिकली काढ. आपल्यात तसलं नसतं, मी काढली नाही. चार वर्षं झाली. रोज संध्याकाळी मशीन चालू करते. वाजवत काहीच नाही, त्याची बारीक घरघर ऐकत चहा करते.

आणखी एक बातमी. पार्टीतले बेंजोवाले जळबाभाऊ मागच्या आठवड्यात सलग तीन दुपारी येऊन मशीनवर बेंजो वाजवून गेले. गल्लीला वाटलं पार्टी पुन्हा उभी राहते आहे. मी बटणं फिरवत होते आणि ते ओरडत होते, "काहून इतकं पिळून राहिल्या वहिनी, बटण हाय ते, ओलं लुगडं न्हाई." तिसऱ्या दिवशी चौथ्या कपानंतर डोळे मिटून पप्पांचं नाव घेत म्हणाले, "हा बराबर. हाच धम्मानंदचा आवाज. आता हात लावू नका."

तू म्हणशील, जागांवर टिकल्या होत्या, मग तुम्ही शोधत काय होता. तेच सांगायला हे पत्र. एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी घर धुतलं, तेव्हा मशीनही ओल्या फडक्यानं पुसलं. टिकल्यांचा डिंक वाळला होता. दहाच्या दहा फडक्यात आल्या. कपाळावरची कुणाला काढू दिली नाही, आणि त्यांनी लावलेल्या माझ्याच हातानं काढल्या. यंदा तुला सुट्टी मिळाली नाही, ते माझ्या पथ्यावर पडलं. टिकलीखालचा पत्रा उजळ राहिला होता, म्हणून प्रत्येक बटणाच्या दोन जागा दिसत होत्या, पण लाल कुठली आणि हिरवी कुठली ते कळेना. तुला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून दोन महिने बिचाऱ्या बोर्डाला नावं ठेवली. चार बटणं आम्ही कानानं जुळवली आणि टिकल्या परत लावल्या. पाचवं बटण बारीक आवाजाचं, ट्रेबलचं. जळबाभाऊंना आता बारीक ऐकू येत नाही आणि मला दोन्ही जागा सारख्याच वाटतात. त्या दोन टिकल्या डबीत ठेवल्या आहेत. बोर्ड बसव, पण हातानं फिरवायची सोय काढू नकोस, म्हणजे तो रुसला तरी मशीन वाजेल. उघडशील तेव्हा एक हात पाठीमागे ठेव, पप्पा ठेवायचे तसा. बंद केल्यावरही आत करंट राहतो. पण त्याआधी गिटार घेऊन घरी ये. पाचव्या बटणाचं तुझाच कान सांगेल. तू आलीस की मशीन चालू करू, आणि मी चहात पाणी जास्त घालीन.

तुझीच,
ते फडकं अजून धुवायला न टाकलेली,
आई