फुटपाथचे फोटो

१ सप्टेंबर, रविवार

कॅमेरा आला! साठ वर्षांपूर्वीचा, जपानी, पुढे एकावर एक दोन भिंगं. छातीशी धरायचा आणि वरून वाकून आत बघायचं. एका रोलमध्ये फक्त बारा फोटो, तेही चौरस. चामराजपेटच्या नागराजनं महिनाभर ठेवून घेऊन दुरुस्त केला. "लेन्स फर्स्ट क्लास, सार. शटर स्वल्प स्लो," म्हणाला. म्हटलं, मीही निवृत्त माणूस, जमेल आमचं.

कल्पना म्हणाली, "फोनला तीन भिंगं आहेत. याला दोनच?" बायकोला कला समजावण्याचा नाद मी केव्हाच सोडलाय.

८ सप्टेंबर

बसवनगुडी, आमच्याच रस्त्याचा फुटपाथ. मी दिसलो की सगळे गप्प! फुलवाली धनलक्ष्मी अर्धी माळ टाकून टोपली आत ओढते. चप्पल शिवणारा उठून उभा राहतो. भाजीवाला गाडी मागे घेतो. चेहऱ्यांवर काय तो गंभीर भाव! जुन्या कॅमेऱ्याचा दरारा, दुसरं काय.

१७ सप्टेंबर

रोल धुऊन आला. अप्रतिम! मालिकेचं नाव ठरलं – 'थांबलेलं शहर'.

१९ सप्टेंबर

नागराजला फोटो दाखवले. तो हसायला लागला, थांबेचना. "सार, त्यांना वाटतं तुम्ही माप घ्यायला आलाय!"

कसलं माप?

"फुटपाथ मोकळा करायला येतात ना, ते. फुल शर्ट, खिशाला पेन, गळ्यात पेटी. पेटीत वाकून बघता, मग वहीत लिहिता. कोण घाबरणार नाही?"

वहीत मी शटरचा वेग लिहितो. थांबलेलं शहर म्हणे! घाबरलेलं शहर.

२२ सप्टेंबर

धनलक्ष्मीकडे गेलो. एकतीस वर्षांत साठलेलं सगळं कन्नड गोळा केलं. "अक्का, मी आफीसर अल्ला." अल्ला म्हणजे नाही. मग कोण, म्हणाली. म्हटलं, फोटो – हव्यास. कन्नडमध्ये छंदाला हव्यासच म्हणतात. त्यांचा शब्द जास्त खरा आहे.

"याचा पगार मिळतो?"

नाही म्हटल्यावर तिला माझी दया आली. हातभर शेवंती तोडून दिली, घरच्यांसाठी. रोज आनेकलहून पहिल्या बसनं येते. एकोणीस वर्षं हीच जागा. कॅमेऱ्यात बघायला दिलं. त्यात डावं-उजवं उलट दिसतं. तोंडाला पदर लावून हसली – "सगळे उलटीकडेच चाललेत की, सार!"

आता कुणी टोपली आत ओढत नाही. चप्पलवाला पाय पसरून बसतो.

६ ऑक्टोबर

दुसरा रोल. हा खरा! फुटपाथभर टोपल्या, गाड्या, छत्र्या. मधोमध धनलक्ष्मी हसतेय. अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकले. बेचाळीस अंगठे! सेक्रेटरी विश्वेश्वर लिहितात, "आपला फुटपाथ एवढा भरलेला असतो हे लक्षातच आलं नव्हतं." रसिक माणूस.

२४ ऑक्टोबर

सकाळी महापालिकेची लॉरी आली. टोपल्या, छत्र्या, भाजीची गाडी – सगळं चढवून नेलं. मी वर चहा पीत होतो. वॉचमन सांगत होता, साहेबाच्या हातात अर्ज होता आणि अर्जाला फोटो. काळे-पांढरे. चौरस.

या रस्त्यावर चौरस फोटो दुसरं कोण काढतं?

धनलक्ष्मी भांडली नाही म्हणे. एवढंच विचारलं – फोटोवाले सार कुठं आहेत?

२५ ऑक्टोबर

विश्वेश्वरला ग्रुपवर सगळ्यांदेखत झाडलं. माझे फोटो वापरून गरिबांच्या पोटावर पाय देता, लाज कशी वाटत नाही, वगैरे. तो लिहितो – "मी नाही हो, उमाकांतराव." वर हा साळसूदपणा! ग्रुप सोडला.

कल्पना दिवसभर गप्प. म्हटलं, चला, हिला तरी माझं दुःख कळलं.

२६ ऑक्टोबर

कोपऱ्यावर जाऊन आलो. फुटपाथ स्वच्छ. फोटो काढण्यासारखं काही नाही. नागराज म्हणतो, "दुसरा रस्ता बघा, सार."

२८ ऑक्टोबर

अर्ज कल्पनानं केला होता.

चहा ओतता ओतता सांगितलं. गौरीजेवणाच्या दिवशी केळीची पानं घेऊन येत होती. फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही म्हणून रस्त्यावरून. स्कूटर घासून गेली. बाही वर केली – कोपरापासून मनगटापर्यंत खपलीचा डाग.

मला सांगितलं का नाहीस?

"सांगायलाच आले होते. तुम्ही कॅमेऱ्यात बघत होतात. म्हणालात, हलू नको, उजेड छान आहे."

तिनं एक माणूस चालेल एवढी वाट मागितली होती. टोपल्या उचलून न्या, असं अर्जात कुठंच नाही. मी दोनदा वाचला.

विश्वेश्वरची माफी मागायला खाली गेलो. त्याला सगळं ठाऊक होतं.

आता आनेकलच्या बसला निघतोय. दोघं. धनलक्ष्मीशी काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो, तर कल्पना चप्पल घालता घालता म्हणाली, "तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. सही माझी आहे."