एकदाणीचे मणी

माय, तू गेल्यापासून तुझी एकदाणी माझ्या गळ्यात असती. सोन्याचे मणी तसेच टपोरे हायेत, पण मी ती पदराखाली घालते, कुणाला दिसू नये म्हणून. तू असतीस तर हसली असतीस. तुला जाऊन लई वर्सं झाली. मला आता लेकरू हाय, पोरगी, अजून रांगत न्हाई. मला लिहायची सवय न्हाई, शाळा तुझ्यामागं ऊसतोडीला जाता जाताच सुटली. पण परवा जे झालं ते तुलाच सांगावं वाटलं.

तुझं एक मला कवा समजलंच न्हाई. नारायणगडाच्या जत्रेला तू एकदाणी घालून निघायचीस अन् वाटंनं अनोळखी बाया थांबून बघायच्या. मी तुझं बोट धरून हाय. एक बाई पार वाकून तुझ्या गळ्याकडं बघती अन् म्हणती, "काय मणी हायेत गं बाई, हरभऱ्यावानी!" तू हात मागं नेतीस, गाठ सोडतीस अन् एकदाणी तिच्यापुढं धरतीस. "घाल की. नुसतं बघून काय कळतंय?" ती लाजती. "नगं माय, सोन्याचं हाय. मी कोण कुठली." "मग काय पळून चाललीस का? मी बसलेय हितंच." ती बाई गळ्यात घालून नारळाच्या दुकानाकडं नवऱ्याला दाखवायला जाती अन् मी भोकाड पसरते. तू मला धपाटा घालतीस. "रडती कावून? तिचा जीव अडकला त्याच्यात. घालून बघू दे, मोकळी हुईल." बाप तिकडून वरडतो, "लई मोठी सावकारीण लागून गेलीस!" ती बाई परत येती ती खोबऱ्याचा तुकडा घेऊन. "आमच्या ह्यांनी लग्नानंतर आज नीट बघितलं माझ्याकडं," म्हणती, अन् तुमी दोघी सख्ख्या बहिणीसारख्या हसताय. मी मातर एकदाणी परत तुझ्या गळ्यात बसंस्तोवर दम धरून उभी.

तुझं काळीज मला आलंच न्हाई. जीपमधी कुणी म्हणलं, "एकदाणी लई भारी हाय वो," की मी झटकन म्हणते, "खोटी हाय." भाजीवाली म्हणू दे, बांगड्यावाला म्हणू दे, सगळ्यांना तेच. तुझा जावई म्हणतो, "मग पेटीत ठिव ना." पेटीत ठिवली की वाटतं घर फोडतेल. गळ्यात घातली की वाटतं मोटारसायकलवाले हिसकून नेतेल. पोरीचंबी तसंच. कुणी "काय गोड हाय गं" म्हणलं की मी तिला पदरात वढते. कुणाच्या हातात देत न्हाई. सासू म्हणती, "लेकरू हाय का चोरीचा माल?" बाया हसत्यात, मला हसू येत न्हाई. बाळंत झाल्यापासून मला नीट झोप न्हाई, तिचा श्वास चालू हाय का ते बघत बसते. तू दर जत्रंच्या आधी केजला पटवेकऱ्याकडून मणी नव्या दोऱ्यात ओवून घ्यायचीस. मी एकदाबी न्हाई घेतले. त्याच्या हातात सोडून यायचं भ्याव वाटायचं.

परवा पोरीला सुई द्यायला केजला गेलते. परत येताना स्टँडवर बसलेय, पोरगी रडून लाल झालेली. शेजारी एक बाई बोचकं घेऊन बसलेली. माझा पदर सरला तशी म्हणली, "एकदाणी हाय व्हय? आता दिसत न्हाई कुणाच्या गळ्यात." मी म्हणले, "खोटी हाय." ती फिदीफिदी हसली. "खोटी असती तर इतकी झाकली असती व्हय गं?" पलीकडं जाऊन बसावं म्हणून उठले, तर पोरीनं मणी मुठीत धरून हिसका दिला अन् कुजका दोरा तुटला. मणी फरशीवर, बाकाखाली, पार बसच्या चाकापतुर.

मला काही सुचंना. खाली बसावं तर पोरगी काखंत. बसमधनं माणसं उतरायलीत, त्यांच्या पायात मणी. "थांबा! कुणी पाय टाकू नगा!" ती बाईच वरडली. मग माझ्यापुढं हात पसरले. "दे लेकरू. दे म्हणते ना, मणी जातेल." माय, मला तिचं नाव ठाऊक न्हाई, गाव ठाऊक न्हाई. मी पोरगी तिच्या हातात दिली.

अन् मी गुडघ्यावर. माझ्यासंगं कोण कोण खाली वाकलं. कंडक्टर चाकाजवळ पालथा पडून म्हणतो, "बस थांबवतो, पर सगळे गावले तर पेढे पाहिजेत बरं का बाई!" कॉलेजच्या दोन पोरी मणी तळहातावर घेऊन एकमेकीला दाखवत्यात, "कसला भारी हाय बघ," अन् मग माझ्या पदरात टाकत्यात. जो तो आधी बघतोय, मग टाकतोय. एका म्हाताऱ्यानं काठीनं बाकाखालचा मणी वढला. "आमच्या म्हातारीची अशीच व्हती," म्हणला, अन् तो मणी बोटात फिरवत उभा राहिला. मी हात पुढं केला न्हाई. त्याचं बघून हुईस्तोवर थांबले.

सगळे गावले का, ते सांगता येत न्हाई. किती व्हते ते मी कवा मोजलंच न्हाई. पदराला गाठ मारली. पोरगी त्या बाईच्या मांडीवर, तिच्या बांगड्या चाटत बसलेली. "घे गं तुझं," म्हणली, बोचकं उचललं अन् तिची बस लागली तशी गेली. मी तिला गावबी इचारलं न्हाई.

काल मणी पटवेकऱ्याकडं सोडून आले. ही चिठ्ठी कुठं धाडायची ते मला कळत न्हाई, घडी करून ठिवते. पण एक गोष्ट घरात कुणाला सांगितली न्हाई, तुझ्या जावयालाबी न्हाई. मणी येचत व्हते तेवढ्या वेळात मी पोरीकडं एकदाबी वळून बघितलं न्हाई. घरी आल्यावर ते ध्यानात आलं तवा पोरीला उराशी घट्ट धरून बसले. पण तितं फरशीवर, माय, मला लई हलकं वाटलं व्हतं.