मुरडीची करंजी, काट्याची करंजी

आबा, पंचवीस वर्षं एक गोष्ट तुम्हाला विचारायची राहून गेली होती, आणि परवा आईनं तिचं उत्तर मी न विचारताच देऊन टाकलं. तेव्हापासून मला इतकं हलकं वाटतंय की बायको दोनदा म्हणाली, आज स्वारी भलतीच खुशीत आहे. म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण न पाठवायच्या पत्राला त्याची काही अडचण नाही.

मी पुण्याला केटरिंगचा कोर्स करत होतो आणि तुम्ही वर्षभर गावात सांगत होता की पोरगं मशीनचं काहीतरी शिकतंय. मीही तुमची समजूत तशीच राहू दिली होती. बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेस्ट हाऊसला स्वयंपाकी म्हणून लागलो तेव्हा खरं बाहेर आलं. कन्हेरीच्या आपल्या घराच्या ओट्यावर, चार माणसांत तुम्ही म्हणालात, "भाकरी थापायला पुण्याला जावं लागतंय व्हय? तुझ्या आयला इचारलं असतंस, तिनं हितंच शिकवलं असतं." सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला फार लागलं. लागलं अशासाठी, की ते खरंच होतं. दिवाळीला आईच्या शेजारी बसून करंजीला मुरड घालायला मी आठव्या वर्षीच शिकलो होतो. कडेचं पीठ चिमटीत धरून दुमडायचं, पुन्हा धरायचं, पुन्हा दुमडायचं, म्हणजे कडेला दोरीसारखा पीळ पडतो. ताईला ती कधी जमली नाही, मला जमली. तुमच्यासमोर मात्र मी हात पिठात घालायचो नाही.

आणि एक तुमचा नेम होता. मी सहा वर्षांचा असताना मला कावीळ झाली, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तुम्ही देवापुढं बोललात की पोरगं वाचलं तर मांसमच्छीला शिवणार नाही. मी वाचलो आणि तुम्ही सोडलंत. ज्या घरानं पिढ्यान्पिढ्या मेंढरं राखली त्या घरातल्या माणसानं! जत्रेला सगळी भावकी रश्श्यावर तुटून पडलेली असायची आणि तुम्ही भिंतीकडेला आमटीची वाटी घेऊन बसायचात. कुणी चिडवलं की माझ्याकडे बोट करून म्हणायचात, "माझ्या वाटणीचं त्ये बघा तितं हुंदडतंय." मला तेव्हा लाज वाटायची. आता माझ्या लेकीकडे बघताना ते वाक्य आठवतं.

तर तो दिवस. कंपनीत नवीन मशीन बसवायला परदेशातून तीन इंजिनिअर आले होते. आपलं जेवण जेवून महिन्याभरात त्यांची तोंडं उतरली. एक दिवस त्यांतल्या म्हाताऱ्यानं बॅगेतून हॅमचा डबा काढून माझ्या हातात दिला, आणि खुणांनी, थोडं इंग्रजीत समजावलं: पीठ लाटायचं, आत हे आणि चीज ठेवायचं, दुमडायचं, भाजायचं. त्यांच्याकडे म्हणे पीठसुद्धा तयार मिळतं. मी म्हटलं, तयार पीठ तर आपल्याकडेही आहे. गावातल्या बेकरीतून सकाळी खारीचं पीठ आणलं. वनस्पती तूप लावून, घडीवर घडी घालून बेकरीवाल्यानं ते रात्रीच करून ठेवलेलं असायचं. मला ते ओल्या फडक्यात गुंडाळून सायकलवरून आणण्यापलीकडे काही कष्ट नव्हते. लाटलं, वाटीनं गोल कापलं, डब्यातलं चीज किसलं, हॅमच्या पट्ट्या ठेवल्या, करंजीसारखं दुमडलं, वरून दुधाचा हात फिरवला. हॅम म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, आबा. कंपनीचे हिशेबनीस शाकाहारी होते, त्यांच्यासाठी निम्म्यांत नुसतं चीज आणि हिरवी मिरची घातली. गोंधळ नको म्हणून हॅमवाल्यांच्या कडा जेवायच्या काट्यानं दाबल्या आणि चीजवाल्यांना आईची मुरड घातली. दोन ट्रे वेगवेगळे भाजले. फुगून नुसते पापुद्रे सुटले होते. मग निवायला सगळं एकाच परातीत काढलं, कारण खूण होतीच. ती खूण ओळखणारा त्या स्वयंपाकघरात मी एकटाच आहे, हे काही डोक्यात आलं नाही.

आणि नेमके तेव्हाच तुम्ही मागच्या दारात उभे. ताईच्या सासरहून, डाळजवरून निघालेले, भिगवणहून बारामतीची एसटी धरलेली, आणि मनात काय आलं कुणास ठाऊक, एमआयडीसीच्या थांब्यावर उतरलात. हातात ताईनं दिलेली शेंगांची पिशवी. तोपर्यंत तुम्ही माझं कामाचं ठिकाण कधी पाहिलं नव्हतं. मी तुम्हाला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. तुम्ही ओव्हनकडे बघत विचारलंत, "ह्येच्यात जाळ कुठं हाय?" मी सांगेपर्यंत बाहेरून हाक आली. मी लावून दिलेल्या पहिल्या प्लेटा संपल्या होत्या आणि पाहुण्यांना माझे आभार मानायचे होते. मॅनेजर मध्ये उभा राहून एकेक वाक्य मराठीत करून सांगत होता आणि मी मान डोलावत होतो. परत आलो तर तुम्ही मिशीवरचे पापुद्रे झटकत होता.

"आबा, खाल्लं काय?"

"व्हय. भूक लागली हुती." मग म्हणालात, "बरं झालंय. मीठ वाईच जास्त हाय, पण बरं झालंय. तुला येतंय की रं."

मी परातीकडे धावलो. वाढप्यानं तोवर दोन्हीतलं आणखी प्लेटांत भरून नेलं होतं, त्यामुळे परातीतून नेमकं कुठलं कमी झालं ते कळायला मार्ग नव्हता. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं, पण का विचारतोस म्हणालात तर मी काय सांगणार होतो? ज्याच्यासाठी नेम धरला त्याच पोरानं तो मोडला, आणि तोही डुकरानं. तुम्ही शेंगा ओट्यावर ठेवून निघून गेलात. त्यानंतर तुम्ही गावात सांगायला लागलात की पोरगं सायबांना खाऊ घालतंय, आणि ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जन्मात एकदा तुम्ही मला शाबासकी दिली होती आणि ती खिशात घालायची मला सोय नव्हती. मीठ जास्त म्हणालात त्यावर किती रात्री घालवल्या! हॅमही खारट, चीजही खारट. तुम्ही मात्र पुढच्या दिवाळीला म्हणालात, "त्ये पापुद्र्याचं कर की एकदा." मी म्हटलं, ओव्हन बिघडलाय. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा विचारलंत, पुन्हा तेच सांगितलं. "नीट झाला की कर," म्हणालात. तिसरी दिवाळी तुम्ही पाहिली नाही.

परवा इंदापूरच्या घरी, म्हणजे माझ्या बेकरीच्या मागच्या खोलीत, आई नातीला करंज्या शिकवत होती. तिची बोटं आता वाकडी झालीत, मुरड पडत नाही, म्हणून मी घालून दाखवत होतो. आई लेकीला म्हणाली, "तुझा आज्जा एकदा ह्येच्या हापिसातनं आला, रुमालात निम्मी करंजी बांधून. मला म्हणला, बघ, तुझी मुरड पोरानं जशीच्या तशी उचलली. कडंला हात लावू देईना मला, आधी बघ म्हणला."

मी हातातली करंजी खाली ठेवली. "आय, आत काय होतं गं?"

"काय की बाबा, पांढरं चिवट कायतरी. आन् मिरची. लई तिखाट. का रं?"

"काही न्हाय," म्हटलं, आणि उठून बेकरीत गेलो. पिठाच्या पोत्यावर बसून रडलो. चांगला रडलो, आबा, आणि मग एकटाच हसत बसलो. परातीत दोन तऱ्हा होत्या आणि तुम्ही आईच्या हातासारखी दिसली ती उचललीत. खूण ओळखणारा मी एकटा नव्हतो.

काल खारीचं पीठ घेऊन चीज-मिरचीच्या करंज्या केल्या. सगळ्यांना मुरड घातली. आईनं अर्धी खाल्ली, मीठ जास्त झालंय म्हणाली. तुमची शाबासकी आता मी घेतली, पंचवीस वर्षं उशिरा का होईना. हा कागद बेकरीच्या मापांच्या वहीत ठेवून देणार आहे.

फक्त एक सांगायचं राहिलं. तुम्ही दोनदा मागितलंत तेव्हा मी घाबरलो होतो. चीजची करंजी पुढ्यात ठेवली आणि तुम्ही म्हणालात की ही त्या दिवसासारखी लागत नाही, तर मग मी काय करू? म्हणून दिलीच नाही. ओव्हन कधी बिघडलाच नव्हता, आबा.